त्र्यंबकरावांचं वाक्य कायद्यात गेलं

पैज लागली ती एका शिंकेवरून.

ठाण्यात कलेक्टरकचेरीच्या समोर माझं तपकिरीचं दुकान. अर्ज घेऊन आलेला माणूस आधी माझ्या ओट्यावर टेकतो, एक चिमूट ओढतो आणि आत जातो. बाहेर आला की दोन ओढतो. माझा संसार त्या बाहेरच्या चिमटीवर चाललाय. सरकार माणसाला जितके हेलपाटे घालायला लावील तितकं माझं बरं. म्हणजे सरकारवर माझा काही दात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटेल.

संध्याकाळची वेळ. ओट्यावर मी, शेजारचा आनंदा कासार आणि माडीवरचे त्र्यंबकराव. त्र्यंबकराव याच कचेरीत शिरस्तेदार होते, आता पेन्शनीत. पण अजून घोरतात ते कलमवार. रंगूबाय कोळीण नुकतीच उठून गेलेली, आणि जाता जाता कचेरीकडं तोंड करून अशी काही हासडून गेलेली की आनंदानं बांगड्यांच्या पेटीवर फडकं टाकलं.

"अडाणी बाई," त्र्यंबकराव म्हणाले. "सरकार न्यायी आहे हे तिच्या ध्यानात येत नाही. कलेक्टर नाही म्हणाले, कोर्ट नाही म्हणालं, म्हणून काय झालं? वर मुंबई सरकारचं कायदे कौन्सिल आहे. तिची होडी तिला परत मिळ..."

आणि शिंकले. एकदा नाही, लागोपाठ. पगडी उडून माझ्या तागडीत पडली.

"घ्या! शिंक झाली," आनंदा म्हणाला. "आता कसली मिळते होडी!"

"अरे, ही याच्या तपकिरीची शिंक आहे, अपशकुनाची नव्हे!"

तपकिरीत मी थोडी मिरपूड घातलेली, ती गोष्ट वेगळी. पण त्यांचा तो फुगलेला चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "रावसाहेब, पैज. सरकारनं गिळलेली होडी सरकार ओकणार नाही."

"ओकेल! म्हणजे... परत करील. लाव पैज. काय लावतोस?"

मी पेढे म्हटलं. त्र्यंबकराव जिलबी म्हणाले. आनंदानं दोन्ही हात जोडले. "पेढे-जिलबीनं कुणाचं काय जातं? हरणाऱ्यानं काहीतरी असं करायचं की जन्मभर लक्षात राहील. बाजाराच्या दिवशी मासुंदा तळ्याच्या पायरीवर उभं राहायचं आणि बायकोचं नाव घ्यायचं. उखाण्यात नाही हां. कोरडं. हाक मारल्यासारखं. तीनदा."

लग्नात उखाण्यात घेतलेलं तेवढंच, त्यानंतर माझ्या बायकोचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. मी तिला "अगं ए" म्हणतो, फार प्रेम आलं तर "ऐकलं का". त्र्यंबकराव तर खोकतात फक्त, आणि वहिनी खोकल्यावरून ओळखतात की पाणी पाहिजे की पंचा.

पण माघार कोण घेणार? होडी पाण्यात उतरली तर मी हरलो, शेवटचं दार बंद झालं तर ते हरले. आनंदानं आमचे हात एकमेकांवर ठेवले. वरच्या खिडकीत बांगड्या वाजल्या. वहिनी ऐकत होत्या.

आता रंगूबायचं काय ते सांगतो.

डोंबिवलीच्या खाडीवर तिच्या नवऱ्याची होडी चालायची, या काठावरून त्या काठावर. त्याच्या आधी त्याचा बाप चालवायचा, बापाच्या आधी आजा. घाटावर उभं राहून लोकांनी हाक मारायची आणि होडी यायची. मग सरकारनं कायदा केला की नदी-खाडीवरच्या सगळ्या तरी, म्हणजे माणसं पलीकडं नेणाऱ्या होड्या, सरकारच्या, आणि त्या मक्त्यानं द्यायच्या. मक्ता गेला भलत्याच माणसाला. रंगूबायच्या नवऱ्यानं होडी सोडली नाही, तेव्हा शिपायांनी ती ओढत नेली आणि जकातीच्या नाक्यामागं पालथी घातली. त्याच पावसात तो माणूस तापानं गेला. राहिली रंगूबाय. एकुलती एक पोरगी मालन, ती पलीकडच्या काठावर दिलेली.

रंगूबाय बाजारात सुका जवळा विकायला ठाण्याला यायची, आणि टोपली रिकामी झाली की कचेरीत. तपकिरीची जुनी गिऱ्हाईक. सरकार नुकसानभरपाई म्हणून चार नाणी हातावर ठेवील, घे आणि गप बस, असं मीच तिला एकदा सांगितलेलं. तर माझ्यावरच डाफरली. "पैसा नको मना. माजी होडी दे न माजा घाट दे. पैशान बसून कोन पलीकडं जातं का?"

तिला त्या होडीशिवाय काही दिसत नव्हतं. उन्हात होडीच्या फळ्या तडकायला लागलेल्या. माशाचं तेल घेऊन ती नाक्यामागं जायची, शिपाई हाकलायचा, ती दुसऱ्या बाजूनं जायची. असं चाललेलं.

कचेरीनं सांगितलं, हे आमचं काम नव्हे, कोर्टात जा. कोर्टात प्रभाकरपंत वकील तिच्यासाठी उभे राहिले. बरा माणूस, तपकीर उधारीवर नेतो एवढाच दोष. मुनसफ म्हणाले, बाईचं म्हणणं खरं आहे, पण सरकारविरुद्ध असली फिर्याद आम्ही ऐकू नये असा कायदा आहे.

"कोनी केला कायदा?" रंगूबायनं विचारलं.

"सरकारनं."

"मंग सरकारचे इरुद कोनाला ईचाराचा?"

"सरकारला."

"म्हंजे वाघाला जाऊन ईचारू, बाबा, माजी बकरी तू खाल्लीस काय?"

प्रभाकरपंतांनी माझ्याकडून मोठी पुडी नेली.

राहिलं कौन्सिल. कायद्यानं दार बंद झालंय तर कायदाच ते उघडू शकतो, एका बाईपुरता का होईना, असं त्र्यंबकरावांचं म्हणणं. आणि पैज लागल्यावर तर त्यांनी अंगातच आणलं. अर्ज मीच लिहिणार म्हणाले. लिहिलाही. माडीवर फेऱ्या मारत मोठ्यानं वाचायचे, त्यामुळे आख्ख्या आळीला तो पाठ झालेला. "कनिष्ठ, आज्ञाधारक, निराधार अर्जदारीण" इथपासून सुरुवात. मध्ये रोमचा काय, इराणचा काय, कुठकुठल्या न्यायी राजांचे दाखले. आणि शेवटी एक वाक्य, ज्याच्यावर ते स्वतःच खूश. ते वाचताना दर वेळी एक बोट वर जायचं:

"तोतयांचा उपद्रव होऊ नये म्हणून अर्जदारीण स्वतः हजर होऊन, कोणी न सुचविता, होडीच्या मयत मालकाचे नाव स्वमुखाने सांगून आपली ओळख पटवील."

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं. सरकारला सर्वांत भीती कसली? तोतयांची. आपणच आधी बंदोबस्त सुचवला की वरचे खूश."

वाक्य झकास होतं, आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं. ऐकायला मी होतो, आनंदा होता, प्रभाकरपंत होते. तिघंही लग्न झालेले. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

अर्ज मुंबईला गेला. कौन्सिल पावसाळ्यात पुण्याला बसतं म्हणून अर्ज पुण्याला गेला. त्या पावसाळ्यात वेळ झाला नाही म्हणून मुंबईला परत आला. मग कुणीतरी विचारलं, ही खाडी गोडी की खारी? खाली कचेरीत पत्र आलं. कचेरीनं चव बघायला शिपाई पाठवला. तो ओहोटीला गेला, म्हणून परत भरतीला पाठवला. उत्तर गेलं, कधी गोडी कधी खारी. वरून आलं, सरकारास निश्चित काय ते कळवावे. मी तुमच्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो, यातलं काहीही मी घातलेलं नाही. मला इतकं सुचत असतं तर मी तपकीर विकत बसलो नसतो.

रंगूबाय येत राहिली. मालनला पहिलं मूल झालं, मग दुसरं झालं. होडी पालथीच.

आणि एक दिवस, पाऊस संपून भात कापणीला आलेलं असताना, प्रभाकरपंत सरकारी गॅझेट नाचवत आळीत शिरले. कायदा झाला! खरोखरचा, छापील, कलमं घातलेला, गव्हर्नरसाहेबांची आणि मोठ्या लाटसाहेबांची मंजुरी असलेला. एका रंगूबायसाठी. होडी परत द्यावी, आणि बाई हयात आहे तोवर तिला ती घाटावर चालवू द्यावी.

मला मासुंद्याची पायरी दिसायला लागली.

त्र्यंबकराव धावत खाली आले. "वाचा! वाचा!" प्रभाकरपंत वाचत गेले, आणि चौथं कलम आलं तेव्हा त्र्यंबकरावांनी त्यांचा हातच धरला. "थांबा. हे माझं वाक्य! जसंच्या तसं! स्वतः हजर होऊन, कोणी न सुचविता... आनंदा, माझं वाक्य कायद्यात गेलं रे!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं दुसऱ्याची वाक्यं नकलून काढण्यात गेलेली. मी थट्टासुद्धा केली नाही. असा मी क्वचितच वागतो.

रंगूबाय ओट्याच्या कडेला बसलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मना काय कराचा?"

"काही नाही हो. साहेब येतील, विचारतील होडी कोणाची, तुम्ही नाव सांगायचं."

"कोनाचा नाव?"

"तुमच्या यजमानांचं."

ती त्र्यंबकरावांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी नाय बोलाची."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही, हे या मुलखात कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे. आणि आम्हीच, जे स्वतः बायकोचं नाव घ्यायच्या भीतीनं पैज लावून बसलेलो, तेच कलम छापून आणलेलं!

"उखाण्यात घ्या की," आनंदा म्हणाला.

"रांडव बाई उखाना घेत का रं?" तिनं एवढंच म्हटलं आणि आनंदा खाली बघायला लागला. तेही खरंच. उखाणा सवाष्णीचा. तिच्यासाठी तेही दार बंद.

प्रभाकरपंत कपाळ धरून बसले. एक शब्द जरी बदलायचा तर पुन्हा कौन्सिल, पुन्हा पुणे, पुन्हा खाडी गोडी की खारी. आणि कायद्यातच मुदत घातलेली, होळीपर्यंत ओळख पटली नाही तर सगळं रद्द. कौन्सिलात साहेब होते, आपलेही दोन मेंबर होते. त्यांच्या घरात बायका नव्हत्या का? की त्यांच्याही घरात नुसता खोकलाच?

"तू तर जिंकलास," आनंदा मला म्हणाला.

जिंकलो होतो खरा.

तरी मी माझ्या परीनं खटपट केली. लोकांकडून नको ते वदवून घ्यायचं माझ्याइतकं ठाण्यात कुणाला जमत नाही. रंगूबाय आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो. "काय गं मावशी, शनवारी कुठल्या देवाला तेल घालतात?" कारण तिच्या नवऱ्याचं नाव मारुती, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"शेपटीवाल्याला," ती म्हणायची.

"लंका कोणी जाळली?"

"त्याच शेपटीवाल्यान. तपकीर देतंस का जाऊ?"

त्र्यंबकरावांनी तिला समोर बसवून समजावलं. कायदा म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, देव असल्या गोष्टी मनावर घेत नाही. शेवटी म्हणाले, "त्यात लाजण्यासारखं काय आहे, बाई? नुसतं एक नाव."

"तुमचे बायकोचा नाव काय, रावसाहेब?"

त्र्यंबकराव खोकले. आतून वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

शिमगा जवळ आला. असिस्टंट कलेक्टरसाहेबाचा तळ खडवलीहून उठून डोंबिवलीच्या खाडीकाठी आंब्यांच्या राईत पडला. रंगूबायची पेशी तिथंच. आम्ही सगळे कल्याणपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं गेलो. माझी बायकोही आली. रंगूबाय तिची मैत्रीण. जवळ्याच्या भावावरून भांडून भांडून झालेली. मालन पाहिजे असं रंगूबायचं म्हणणं, म्हणून बायको सकाळीच सरकारी होडीतनं तिला आणायला पलीकडं गेली. आणि तिकडंच अडकली. मक्तेदाराची होडी एकदा त्या काठाला लागली की नावाडी झोपतो, सूर्य हलल्याशिवाय हलत नाही.

साहेब तरुण, उन्हानं टोमॅटो झालेला, मराठी पुण्याच्या शास्त्र्यांकडं शिकलेला. टेबल मांडलेलं, मुनशी बसलेला, मक्तेदार मिशीला तूप लावून उभा. दोन्ही काठांवर कोळी माणसं जमलेली. नाक्यामागं होडी पालथी, एखाद्या मेलेल्या म्हशीसारखी.

"बाई," साहेब म्हणाला, "या नौकेच्या मयत स्वामीचे नाव उच्चारा."

रंगूबायनं पदर सारखा केला.

"भय धरू नका. केवळ नाव."

"मालनचा बापूस," ती म्हणाली.

"हे नाते झाले. नाव?"

"आमचे घरचे."

"बाई, नाव!"

"ज्याची होडी तुमी नेलाव, तो."

मुनशी लिहायला लागला आणि थांबला. साहेबानं प्रभाकरपंतांकडं बघितलं. प्रभाकरपंतांनी रीत काय ती समजावून सांगितली. साहेबाला पटली सुद्धा. त्यानं टोपी काढली, घाम पुसला. "मला सर्व समजते. गावातील प्रत्येक मनुष्य जाणतो की ही तीच बाई आहे. मीही जाणतो. परंतु कायदा म्हणतो स्वमुखाने. कोणत्या मूर्खाने हे कलम लिहिले?"

त्र्यंबकराव एका आंब्यामागं गेले.

तिथं मी त्यांना बघितलं. पगडी हातात, ओठ हलतायत. आधी वाटलं रामनाम घेतायत. जवळ गेलो तर म्हातारा बायकोचं नाव पुटपुटून बघत होता, मासुंद्यावर घ्यायला लागणार म्हणून. आणि निघत नव्हतं. पहिल्या अक्षरावरच अडकत होता.

"विश्राम," ते म्हणाले, "माझ्या एका वाक्यापायी त्या बाईची होडी हातची गेली रे."

तिकडं साहेब उठायच्या बेतात. ऊन टेबलावर आलेलं. रंगूबाय उभी होती ती होडीकडं बघत, पदराचं टोक दातात धरून. सुटलं असतं तर नाव निघालं असतं म्हणून धरलेलं, असं मला वाटलं.

मी तसाच पाण्यापर्यंत गेलो. पलीकडच्या काठावर माझी बायको कडेवर मालनचं पोर घेऊन उभी, लांबून बोटाएवढी दिसतेय. मी दोन्ही हात तोंडाशी नेले. आणि नाव घेतलं.

"कलावतीऽऽऽ!"

मागं या काठावरची माणसं एकदम हसायला लागली. बायांनी तोंडाला पदर लावले. मुनशीच्या हातून टाक पडला.

"हा कोण? काय करतो आहे?" साहेब ओरडला.

"पैजेची तालीम, साहेब!" मी म्हटलं. "मी हरणारा आहे. माझ्या स्वतःच्या बायकोचं नाव घेतोय. त्याला तर कायद्यानं बंदी नाही ना?" आणि परत, "कलावतीऽऽऽ!"

पलीकडं काही हललं नाही. पाण्यावर वारं होतं, समोरून येणारं. माझा आवाज चार हात जाऊन माझ्याच तोंडावर परत येत होता. तिसऱ्यांदा ओरडलो तर घसा फाटून कोंबड्यासारखा आवाज निघाला.

"मेल्या, बोंबलतंस काय असा?"

रंगूबाय. माझ्या मागं येऊन उभी. रागावलेली, खरोखर रागावलेली, जसा सुतार दुसऱ्यानं वाकडा खिळा ठोकलेला बघून रागावतो.

"वारा समोरून हाय दिसत नाय काय? वर कशाला टाकतंस हाक? वर टाकली का वारा नेतं. खाली टाकाची. पान्यावर. पान्यावरून सरकत जातं ती."

"मला नाही जमत, मावशी."

"जमत नाय तं बायकोला पलीकडं कशाला धाडलास! सर तिकडं."

तिनं लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात गेली. वाकली, तळवे तोंडाशी नेले, पाण्यापासून वीतभर वर. आणि त्या घाटावर लोकांनी इतकी वर्षं मारलेली, तिनं रोज ऐकलेली आणि जन्मात कधी न मारलेली हाक मारली.

"ओऽऽ मारुतीऽऽ! होडी लाऽऽव!"

ती हाक अशी काही गेली की पलीकडं झोपलेला सरकारी नावाडी उठून बसला. माझी बायको वळली. मालनच्या हातातलं गाठोडं खाली पडलं, एवढं तर इथून दिसलं. रंगूबाय थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली, कुणी उत्तर देतं का बघत असल्यासारखी. मग सरळ झाली, काठावर आली, लुगडं सोडलं. चुकून निघालं का? मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चुकल्याचं तिथं काही नव्हतं.

"आता परत नाय बोलाची," ती साहेबाला म्हणाली.

मक्तेदार पुढं झाला. "हुजूर, ही हाक आहे! हा जबाब नव्हे! आणि या माणसानं सुचवलं!"

"मी फक्त माझ्या बायकोचं नाव घेतलं," मी म्हटलं. "हिच्या नवऱ्याचं नाव कलावती असेल तर सांगा."

साहेबानं मुनशीकडून कायद्याचा कागद घेतला आणि चौथं कलम बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. आंब्यामागून पगडी घालत त्र्यंबकराव पुढं आले, ताठ, पेन्शनीत गेल्यापासून बघितलं नव्हतं इतके ताठ.

"साहेब, ते वाक्य या सेवकाचं आहे. त्यात 'स्वमुखाने' एवढंच आहे. जबाब की हाक, हे घातलेलं नाही."

"तो मूर्ख तुम्ही काय?"

"होय, साहेब."

साहेब हसला. पहिल्यांदाच. "मुख हिचेच होते, हे मी स्वतः पाहिले. मुनशी, लिहा."

होडी लगेच नाही तरंगली. सुकून सुकून फटी पडलेल्या. कोळ्यांनी ती ओहोटीच्या चिखलात ओढून आणली आणि आत पाणी भरून ठेवली, लाकूड पिऊन फुगावं म्हणून. रंगूबाय काठावर बसून राहिली. मक्तेदार येऊन तिच्याशी भांडला, तिनं उठून त्याला चिखलातनं हाकलला. होळीच्या आधी होडीनं अंग उचललं. पहिल्या खेपेला मालन आणि तिची दोन्ही पोरं बसली, त्यांच्याकडून काही घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला मी बसलो. माझ्याकडून घेतलं.

ठाण्याला परत आल्यावर त्र्यंबकराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू खाडीवर घेतलंस ना नाव. झालं. पैज फिटली."

"ती तालीम होती," आनंदा कासार म्हणाला. "मासुंद्याची पायरी ठरलेली. बाजाराचा दिवस ठरलेला. कोरडं, तीनदा."

हा आनंदा जन्मभर माझ्या बाजूला दुकान लावून बसलाय, आणि जन्मभर माझ्या खोड्या सोसत आलाय. हा दिवस तो सोडणार होता थोडाच!

बाजाराच्या दिवशी मी तळ्याच्या पायरीवर उभा राहिलो. आनंदानं दवंडी पिटल्यासारखं सगळ्यांना सांगितलेलं. भाजीवाल्या होत्या, कचेरीतले कारकून होते, माजिवड्याहून माझे दोन मेव्हणे मुद्दाम आलेले. प्रभाकरपंत उधारीची पुडी ओढत उभे. त्र्यंबकराव वहिनींना घेऊन आले आणि वहिनी माझ्याकडं न बघता त्यांच्याकडं बघत होत्या. रंगूबाय सर्वात पुढं, ओहोटीबरोबर स्वतःच्या होडीतनं आलेली, टोपली उलटी घालून तिच्यावर बसलेली. आणि माझी बायको तिच्या शेजारी, ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ, लग्नाला आल्यासारखी.

"कलावती," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं!" मागून कारकून ओरडले.

"कलावती!"

"वर जातंय, वर!" रंगूबाय टोपलीवरून ओरडली. "किती येला सांगू तुना? खाली टाक. पान्यावर!"

मी पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेलो, वाकलो, हात तोंडाशी नेले आणि तिसऱ्यांदा घेतलं. हाक तळ्यावरून सरकत गेली, पलीकडच्या काठावर आपटली आणि तिथं धुणं धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"ओऽ!" माझ्या बायकोनं मागून उत्तर दिलं.

पैज फिटली होती. मग मी चौथ्यांदा का घेतलं, ते आनंदा अजून विचारतो.